फुंकून पाहिलेले ग्लोव्हज

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर ते दिवाळी अंकवाल्यांनी बघून घ्यावं, मजकुराला मात्र हात लावू नये. त्यांनी मला सांगितलं, "तावडेमामा, एवढी वर्षं हॉस्पिटलात काढलीत, काहीतरी गमतीचं लिहा." गमतीचं पुष्कळ आहे. पण लिहायला बसलो की एकच गोष्ट पुढे येऊन उभी राहते आणि ती गमतीची नाही. मला एका बाईला एक गोष्ट सांगायची होती. तीन महिने मी ती सांगितली नाही. त्या तीन महिन्यांत जेवढी भीती वाटली तेवढी पुन्हा कधी वाटली नाही, आणि मी भित्रा माणूस नाही. हे पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या आसपासचं आहे.

आमचं हॉस्पिटल घाटकोपर आणि मुलुंडच्या मधलं. नाव लिहीत नाही. ऑपरेशन थिएटरच्या मागे एक लांबट खोली होती, तिला सगळे ऑटोक्लेव्ह म्हणत. खरं तर ऑटोक्लेव्ह हे तिथल्या मशीनचं नाव. म्हणजे वाफेचा मोठा कुकर, माणूस वाकून आत शिरेल एवढा. थिएटरात वापरलेलं सगळं आमच्याकडे यायचं. धुवायचं, तपासायचं, पत्र्याच्या ड्रममध्ये भरायचं, वाफ द्यायची आणि परत वर पाठवायचं. आज एकदा वापरलं की फेकतात. तेव्हा कापूस आणि रक्ताच्या पट्ट्या सोडल्या तर काहीच फेकत नव्हतो. सिरिंज काचेची, उकळून परत. सुया बोथट झाल्या की मी दगडावर घासायचो आणि कापसातून ओढून बघायचो. टोकाला कापसाचा धागा अडकला तर सुई वाकडी, पुन्हा दगडावर.

सगळ्यात कटकटीचे रबरी ग्लोव्हज. रक्ताने भरलेल्या बादलीत यायचे. आतून-बाहेरून धुवायचे, दोरीवर लावायचे, वाळले की भोकं शोधायची. भोक असलं तर जुन्या ग्लोव्हजच्या मनगटाकडचा तुकडा कापून सोल्युशनने चिकटवायचा, सायकलच्या ट्यूबसारखा. मग पावडर, मग जोडी लावून कापडात बांधायचं. कागदावर असं होतं, की ठिगळाचा ग्लोव्ह फक्त वॉर्डात ड्रेसिंगला जाईल. पण थिएटरात कमी पडले की ठिगळाचेही वर जायचे. एक जोडी आठ-दहा फेऱ्या काढायची. कुठला डॉक्टर ग्लोव्ह कुठे फाडतो ते मला पाठ होतं. एक सर्जन होते, नखं वाढवायचे. त्यांचा कायम डाव्या अंगठ्याला जायचा. मी एकदा त्यांच्या पाकिटात नेलकटर बांधून पाठवलं. वरून निरोप आला, तावडेला सांगा, कळलं.

मशीनच्या काट्यावर माझा विश्वास नव्हता. काटा पंधरा पौंड दाखवायचा, पण वाफ ड्रमच्या पोटात शिरली की नाही ते त्याला काय ठाऊक? म्हणून मी मधल्या ड्रममध्ये एक कच्चा बटाटा ठेवायचो. शिजला तर वाफ आत गेली. नवीन मेट्रन आल्या तेव्हा त्यांनी मला गरम बटाटा सोलताना पकडलं आणि म्हणाल्या, "तुम्ही इथे स्वयंपाक करता?" मी म्हटलं, "बाई, बटाटा कच्चा निघाला असता तर तुम्हाला आजचं थिएटर बंद करायला सांगितलं असतं." त्यांना ते पटलं. पण दुसरी गोष्ट पटली नाही. ती म्हणजे फुंकणं.

भोक शोधायची माझी रीत तोंडाची. ग्लोव्ह मनगटाकडून चिमटीत धरायचा, ओठाला लावायचा, फुंकून पाच बोटं फुगवायची, ग्लोव्हचं तोंड दाबून धरायचं आणि एकेक बोट गालाजवळून फिरवायचं. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी गालाला गार लागतं. डोळे मिटले की जास्त कळतं. आणि माझा नियम होता दोन फुंकींचा. एकाने फुंकून बघितला की दुसऱ्याने तोच पुन्हा फुंकायचा, कारण शंभर ग्लोव्हज झाल्यावर माणसाचा गाल बधिर होतो. वाफ त्यानंतर, म्हणजे पेशंटला त्यातून काही नाही. मेट्रननी हुकूम काढला की हवा भरलेला ग्लोव्ह पाण्यात बुडवून बुडबुडे बघा, तोंड लावू नका. मी वाचून घेतला, सही केली आणि बादली आतमध्ये पालथी घालून ठेवली. पाण्यात घातलेला ग्लोव्ह परत वाळवावा लागतो. पावसाळ्यात तो दोन दिवस वाळत नाही. आणि खरं सांगायचं तर माझ्या गालापेक्षा बादली शहाणी, हे मला मान्य नव्हतं.

माझ्याबरोबर आधी यशवंत वाघमारे होता. आठ वर्षं. मी फुंकायचो, त्याच्याकडे द्यायचो, तो फुंकायचा. कामाला चोख, बोलायला कमी. एका वर्षी त्याचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं, आणि दोन महिन्यांत आमच्याच हॉस्पिटलच्या वॉर्डात गेला. लिव्हर, असं सांगितलं. लिव्हर म्हटलं की हॉस्पिटलात सगळे एकच बोलतात. मीही तेच बोललो. जलदान विधीच्या दिवशी त्याच्या वडिलांनी मला विचारलं, "तू रोज बरोबर होतास. पीत होता काय?" मी म्हटलं, "जरा जास्तच घ्यायचा." का म्हटलं कोण जाणे. मी त्याला पिताना दोनदा बघितला असेल, दोन्ही वेळा होळीला.

त्याच्या जागी त्याची बायको लागली, शेवंता. दोन लहान मुली. घाटकोपरच्या टेकडीवर राहायची. सासरा दहिसरला, रेल्वेतून रिटायर झालेला. माझ्या त्या एका वाक्यानंतर त्याने सुनेला घराची पायरी चढू दिली नव्हती. नवरा पीत होता आणि हिने लपवलं, असं त्याचं म्हणणं. हे मला ठाऊक होतं. ते वाक्य कुणाचं, हे शेवंताला ठाऊक नव्हतं.

तिलाही मी फुंकायला शिकवलं. दोन वर्षांत ती यशवंतपेक्षा तयार झाली.

तो श्रावणातला दिवस. सकाळी एका माणसाचं पोटाचं ऑपरेशन झालं, घाईचं. त्याचे ग्लोव्हज बादलीतून आले. बाहेर ओल, दोरीवर काही वाळत नव्हतं, आणि दुपारी आणखी तीन ऑपरेशनं लागलेली. आम्ही दोघांनी बायलरच्या उबेला धरून धरून ते वाळवले. मग मी फुंकायला बसलो.

शेवंता म्हणाली, "मामा, आज मला नाय जमायचं. तोंड आलंय. आतनं सगळं सोललंय."

"मग?"

"बादलीत बघते ना. मेट्रनबाईंनी सांगितलंय तसं."

"आणि दुपारी डॉक्टरना काय देणार, ओले? नखरे करू नको. दहा-बारा जोड्या आहेत."

"दुखतंय वो."

"यशवंतने कधी दुखतं म्हटलं नाही."

मी दिलेला प्रत्येक ग्लोव्ह तिने ओठाला लावला. मध्ये एकदा तिने पदराने तोंड टिपलं तेव्हा पदराला रक्त लागलेलं मी बघितलं. बघून पुढचा ग्लोव्ह दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी थिएटरच्या फर्नांडिस सिस्टर खाली आल्या. त्यांच्या बोटाला पट्टी. म्हणाल्या, "मामा, कालचा तो पेशंट ऑस्ट्रेलिया पॉझिटिव्ह आहे."

मला क्रिकेटशिवाय काही आठवलं नाही. "तिकडून आलाय?"

"अरे बाबा, कावीळ आहे ती. रक्तातली. पाण्याची नाही. टेस्टचं नाव तसं आहे. लिव्हर खाऊन टाकते. ऑपरेशनमध्ये मला त्याची सुई टोचली ना. डॉक्टरांनी शहरातून इंजेक्शन आणवलं. दोन दिवसांच्या आत घ्यावं लागतं. तू सांग, ते ग्लोव्हज तुम्ही पाण्यातच चेक केले ना? कुणी तोंड-बिंड लावलं असेल तर आत्ता सांग. त्यालाही देऊ."

शेवंता मागे ड्रम पुसत होती. पत्र्याच्या आवाजात तिला काही ऐकू गेलं नाही.

मी म्हटलं, "पाण्यातच."

"नक्की?"

"सही केलीय मी हुकमावर."

सिस्टर गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतचा वेळ होता माझ्याकडे. जिना चढून वर जायचं आणि एक वाक्य बोलायचं. पहिल्या दिवशी वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी मेट्रन फेरीवर आल्या, माझ्या खोलीची तारीफ केली, आणि मी हात जोडून उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी सांगून उपयोग नव्हता. माझंही तोंड त्या ग्लोव्हजना लागलं होतं, पण ती भीती लहान होती. मला काही झालं तर ते माझं मी केलेलं. तिने नाही म्हटलं होतं.

कंपाउंडरला मी गोष्ट काढत काढत विचारलं, या काविळीला बाहेर पडायला किती दिवस लागतात. तो म्हणाला, "दीड महिना, कधी सहा महिने. आधी अन्न जात नाही, मग डोळे." त्या दिवसापासून मी शेवंताचे डोळे बघू लागलो. यशवंतचे मी रोज बघितले होते. आधी कोपऱ्यात पिवळी रेघ येते, मग सगळं बुबुळाभोवतीचं पांढरं जातं. आमच्या खोलीत एक पिवळा बल्ब होता, त्याच्या उजेडात सगळ्यांचेच डोळे पिवळे दिसत. मी तो काढून ट्यूब लावून घेतली. सकाळी ती आली की काहीतरी कारण काढून तिला ट्यूबखाली बोलवायचो. डबा खाल्ला का, भूक लागते का, पाणी उकळून पितेस का. ती चार पोळ्या खायची आणि मी मोजायचो. एक दिवस तिने एक परत नेली तर रात्रभर माझा डोळा लागला नाही.

बादली मी दुसऱ्याच आठवड्यात सरळ केली. म्हटलं, "आता पाण्यातच बघायचं."

ती म्हणाली, "इतके दिवस बादलीचं नाव काढलं की खवळायचात. आता काय झालं?"

"मेट्रनचा हुकूम आहे."

"तो दीड वर्षामागचा हुकूम आहे, मामा."

मी बादलीत पाणी ओतू लागलो. ती माझ्याकडे बघत राहिली.

लिफ्टवर सावंत म्हणून आमच्याच कोकणातला होता, जिभेला हाड नसलेला. तो मला म्हणाला, "मामा, हल्ली ट्यूबच्या उजेडात वाघमारेबाईंचे डोळे बघता म्हणे. या वयात?" त्याने ते चार जणांत म्हटलं. बातमी तिच्यापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी ती दारातच उभी राहिली, आत येईना.

"मामा, माझ्याकडं असं बघत जाऊ नका. मला दोन पोरी आहेत. सासरी आधीच नाव बरबाद झालंय."

यावेळी तरी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "बरं." आणि त्यानंतर ती पाठमोरी असताना बघायचो, काचेच्या कपाटात तिचा चेहरा दिसायचा.

अडीच-तीन महिने असे गेले. दिवाळी होऊन गेली होती. एका सकाळी शेवंता आली ती पोट धरून. ड्रम उचलायला वाकली आणि तशीच खाली बसली. म्हणाली, "दोन दिवस काय खाल्लं तरी मळमळतंय. अन्नाचा वाससुद्धा नको वाटतो." मी तिची हनुवटी धरून तोंड वर केलं. मला पिवळं दिसलं. मी शपथेवर सांगेन की मला कोपऱ्यात पिवळी रेघ दिसली. मी तिचा दंड धरला आणि ओढतच जिना चढलो. ती म्हणत होती, मामा सोडा, लोक बघतात. सावंत लिफ्टच्या दारात उभा होता, पण या खेपेला त्याची बोलायची हिंमत झाली नाही.

डॉक्टर नाडकर्णी ओपीडीत होते. तेच त्या दिवशी ऑपरेशनला होते. पेशंट बसलेले असताना मी सगळं सांगून टाकलं. ग्लोव्हज, फुंकणं, तिचं सोललेलं तोंड, सिस्टरना सांगितलेलं खोटं. शेवंता शेजारी उभी राहून ऐकत होती. हे तिला माझ्याकडून पहिल्यांदा कळत होतं, तेही दुसऱ्याला सांगताना.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "इंजेक्शन दोन दिवसांत द्यायचं असतं, मामा."

"ठाऊक आहे."

"ठाऊक होतं तुम्हाला?"

"होतं."

त्यांनी तिला खिडकीशी नेऊन पापण्या खाली ओढून बघितल्या. पोट दाबून बघितलं. म्हणाले, "डोळे साफ आहेत. ही मळमळ बहुतेक पित्ताची आहे. पण रक्त बघू. फुंकायचात दोघंही ना? मग दोघांचं द्या."

चार दिवसांनी आम्हाला दोघांना बोलावलं. शेवंताचं साफ होतं. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "मामा, तुमचं पॉझिटिव्ह आहे."

मला वाटलं, ठीक आहे. फिटलं. मी विचारलं, "म्हणजे त्याच पेशंटची?"

"सांगता येत नाही. तुम्हाला काहीच त्रास झालेला नाही. काही लोकांच्या अंगात ही वर्षानुवर्षं राहते. त्यांना काही होत नाही, दुसऱ्याला होऊ शकतं. कदाचित फार आधीपासून असेल. या बाईंच्या आधी तुमच्याबरोबर फुंकायला कोण होतं?"

"यशवंत. हिचा नवरा."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. "ते कशाने गेले?"

"दारूने," मी म्हटलं. सवयीने तोंडातून गेलं.

"कोण म्हणालं दारूने?"

खोलीत आम्ही तिघंच होतो. मी म्हटलं, "मीच म्हणालो होतो. हिच्या सासऱ्याला."

डॉक्टरांनी यशवंतचे जुने कागद काढवले. ती तपासणी त्याच्यावर कुणी केलीच नव्हती. लिव्हर म्हटल्यावर कुणी पुढे विचारलंच नव्हतं.

शेवंता बाहेरच्या पॅसेजमध्ये बाकावर बसली. मी उभा राहिलो. मग ती बोलली. आवाज चढवला नाही.

"मी दोन वर्षं तुमच्या मागोमाग तोंड लावत होते."

"हो."

"ते आठ वर्षं."

"हो."

"म्हणजे तुमच्यामुळं गेले."

"डॉक्टर म्हणतात सांगता येत नाही. माझ्यापासून असेल, नाहीतर कुणा पेशंटचं आम्हा दोघांना लागलं असेल, त्याचं मला..."

"डॉक्टरांचं ऐकलं मी. सांगता येत नाही, तर तसंच सांगा. माझ्या सासऱ्याला जाऊन सांगा, कशानं गेला ते सांगता येत नाही. दारूनं गेला हे कुणी सांगितलं तुम्हाला सांगायला?"

मी म्हटलं, "सांगेन कधीतरी."

"रविवारी," ती म्हणाली. "मी येते बरोबर. तुमचा भरवसा नाही."

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे रविवारचं शेवटी सांगता येईल. मेट्रननी मला ग्लोव्हजवरून काढून नुसतं ड्रमवर ठेवलं. मेमो दिला, तो मी फाडला नाही, अजून आहे. बायकोला गावाहून बोलावून तिचं रक्त तपासलं. तिला का तपासायचं हे सांगताना माझी मान खाली होती. तिचं साफ निघालं. पुढे कैक वर्षांनी एकदाच वापरायचे ग्लोव्हज आले आणि ते सगळं कामच गेलं. माझी जुनी माणसं म्हणतात, किती माल वाया जातो आता. मी हो म्हणत नाही. माझं लिव्हर आजपर्यंत टिकलंय. का टिकलं आणि यशवंतचं का नाही, हे मला कुणी समजावून सांगू शकलेलं नाही. सहा महिन्यांनी तपासायला जातो तेव्हा रिपोर्ट हातात पडेपर्यंत अजून तळहाताला घाम येतो.

दहिसरला नदीच्या बाजूला चाळीत दुसऱ्या मजल्यावर म्हातारा राहायचा. दुपारची वेळ, जेवणं झालेली. शेवंता दोन्ही मुलींना घेऊन गॅलरीतच थांबली. मी आत गेलो, बसलो नाही. सगळं सांगितलं, ऐकू कमी येतं म्हणून मोठ्याने सांगावं लागलं. अर्ध्या चाळीने ऐकलं. दारूचं मी उगाच बोललो, मी त्याला होळीलाच पिताना बघितला, कावीळ कामावरून आली असेल, आणि ती माझ्या तोंडातून आली असेल.

म्हाताऱ्याने कान पुढे केला. मग म्हणाला, "काय फुंकत होता तुम्ही? नीट सांग. मला कळत नाही."

"रबरी हातमोजे. डॉक्टरांचे."

"दाखव कसं."

तिथे ग्लोव्ह कुठून असणार? मी रिकामी चिमटी ओठाला लावली, फुंकलं, चिमटी दाबून धरली आणि हात गालाजवळून फिरवला. सवयीने डोळे मिटले. उघडले तेव्हा म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत होता.

"आणि मग?"

"मग त्याच्याकडे द्यायचो."

"आणि तो?"

"तोही असंच."

"तिथंच तोंड लावून?"

"तिथंच."

त्याने मला पुढे काही विचारलं नाही, शिवीही दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो गॅलरीच्या दिशेने बघून म्हणाला, "पोरींना ऊन लागतंय. आत आण त्यांना." मग मला म्हणाला, "तू जा आता."

मी दारात येऊन चपला शोधू लागलो. शेवंता मुलींचे हात धरून आत येत होती. दार अरुंद होतं. ती थांबली नाही, बाजूला झाली नाही. मीच भिंतीला पाठ लावून, श्वास धरून उभा राहिलो, तिघी आत जाईपर्यंत.